बहिऱ्या आजींशेजारची जागा

आत्याबाई, गेल्या महिन्यात मी पेटी सोडली. गुरुवारच्या भजनाला सगळ्या जणी छपरीत बसलेल्या असताना ती उचलून तुमच्या धाकट्या सुनेसमोर ठेवली आणि मी दारालगतच्या जागेवर जाऊन बसले. तुम्ही असता तर चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं असतंत आणि पुढचं भजन धरलं असतंत, कारण विचारलं नसतंत. पण मला ते सांगायचं आहे. भाता ओढताना तुम्हाला दम लागायला लागला तेव्हा तुम्ही ती पेटी माझ्याकडे, थोरल्या सुनेकडे दिलीत, आणि तेव्हापासून आठवड्यातली ती एकच दुपार अशी होती, की माझ्या हाताखाली शिलाई मशीन नसायचं. ती मी रागाने सोडली नाही, कंटाळूनही नाही. मला दारालगतची जागा हवी होती.

त्या जागेवर तुम्हीच मला पहिल्यांदा बसवलं होतंत. लग्न होऊन आले त्यानंतरचे पहिलेच काही दिवस असतील. मी देऊळगाव राजाची. आमच्याकडे ‘काय करायलीस’ म्हणतात, इथे उंद्रीत ‘काय करून राह्यली’. नळावर मी एक वाक्य बोलले की बाया एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. वाईट मनाने नव्हे, पण हसायच्या. म्हणून मी ठरवलं होतं की या गावात शक्यतो तोंड उघडायचं नाही. त्या गुरुवारी दुपारची भांडी आटोपून मी आतच बसले होते. तुम्ही दारात येऊन ‘चाल’ एवढंच म्हणालात. मला वाटलं, आपल्याशेजारी बसवाल. तर तुम्ही मला पार टोकाला, पलीकडच्या घरातल्या आजींच्या शेजारी बसवलंत आणि कानाशी वाकून म्हणालात, “तिच्यापाशी बस. भैरी हाय ते. तू कशीबी म्हन, तिले आयकू जात नाही.” मग टाळांचा सगळ्यात लहान जोड माझ्या हातात ठेवलात, आपल्या पेटीमागे गेलात, आणि त्या दुपारी पुन्हा माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. नव्या सुनेचं कुणी कौतुक करील, निदान माहेरचं नाव विचारील, असं वाटलं होतं. कुणी काही विचारलं नाही. ‘तुम्हीपण एखादं म्हणा’ असंही कुणी म्हणालं नाही. नुसता पाण्याचा तांब्या फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि पुढे गेला. तुम्ही एक भजन घेतलंत, ज्याचं धृपद पुन्हा पुन्हा येत होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझे ओठ हलले. शेजारी आजी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, गोठ्यातल्या खुंट्यासारख्या स्थिर. आणखी दोन गुरुवार गेले आणि मी गायला लागले. शब्द चुकत, ताल सुटत, माझा आवाज इतरांच्या मागून फरफटत येई. आजींच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीसुद्धा हलत नसे. या बाईला काहीच ऐकू येत नाही, या एका भरवशावर मी तुमच्या घरात पहिल्यांदा माझ्या आवाजात बोलले, असं म्हटलं तरी चालेल.

मग ती सकाळ. चूल धुपत होती, दाराकडे पाठ करून मी भाकरी थापत होते आणि गुरुवारचंच भजन गुणगुणत होते. मागून आवाज आला, “पयल्या कडव्याले नको चढू वं. दुसऱ्याले चढ.” मी वळून पाहिलं. पलीकडच्या आजी विरजण मागायला वाटी घेऊन दारात उभ्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मग त्यांनी हळूच एक हात कानामागे नेला आणि मोठ्याने विचारलं, “काय म्हनली?” मी तर काहीच म्हणाले नव्हते.

मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही अंगणात तुरी पाखडत होतात. मी हसत होते, रडत होते, मला धड सांगता येत नव्हतं. तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि हसला नाहीत. “आजूक कोनाले सांगतलं?” मी म्हटलं, कुणालाच नाही. “मंग सांगू नोको. सगळ्यायले मालूम हाय. आता तुले समजलं, म्हंजे तू जुनी झाली. जुन्या बाईनं गप राह्यचं असते. पुढच्या पोरीले कामी येईन.” तुम्ही मला इतक्या कडक आवाजात त्याआधी बोलला नव्हतात. मी मुकाट्याने आत गेले आणि त्या करपलेल्या भाकरीचे तुकडे कोंबड्यांना टाकताना माझ्या लक्षात आलं, की या रागवण्याने मी या गावची झाले आहे.

त्यानंतर किती तरी नव्या सुना त्या जागेवर बसल्या. प्रत्येकीच्या कानाशी तुम्ही तेच वाकून सांगायचात, आणि सगळी बैठक एकदम गंभीर व्हायची. आजींना पाणी विचारायचं तर ढोलकीवाली काकू गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची. आजी ढिम्म. एकदा तर बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, आणि चिखलीहून येणाऱ्या नातवाची वाट बघत असलेल्या आजी अर्ध्या उठल्या, मग आठवण होऊन गुडघा चोळत परत बसल्या. तुम्ही पेटीवर खाली वाकलात. तुमचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं.

तुम्ही गेलात, पुढच्या वर्षी आजी गेल्या. बैठक चालू राहिली, मी पेटीवर. पण हळूहळू आमचा नूर बदलला, आत्याबाई. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एकाने माईक आणि मोठा स्पीकर दिला. आता सगळ्या जणींच्या एका रंगाच्या साड्या आहेत, ब्लाउज मीच शिवले. यंदा देऊळगाव राजाला भजनाच्या स्पर्धेत उतरायचं ठरलं, तशी तुमची धाकटी सून दर गुरुवारी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागली, चुका कळाव्यात म्हणून. आणि तो स्पीकर कुठे ठेवला होता, ठाऊक आहे? दारालगत, आजींशेजारच्या जागेवर. वायर तिथपर्यंतच पोचते.

दिवाळीनंतर आपल्या मागच्या गल्लीत एक सून आली, पार ओडिशाहून. तिचा नवरा भाजीचा मळा करतो, आठवडी बाजाराला धाड गावापर्यंत भाजी नेतो. आपल्याकडे शेतीवाल्या मुलांना मुली मिळत नाहीत, हे तुमच्याच काळात सुरू झालं होतं. आता मुली इतक्या लांबून येतात. तिला मराठी येत नाही, हिंदी मोडकी. ती आपण होऊन भजनाला आली, दारात चपला काढून उभी राहिली. आणि आमच्या बायांनी तिचं स्वागत केलं. खरंच केलं. मधोमध बसवलं, कुंकू लावलं, माहेरचं गाव विचारलं, ते दहा वेळा म्हणायला लावून हसल्या, हातात माईक दिला. “गा न वं, तुमच्या इकडचं काहीतरी गा!” मी पेटीवरून “राहू द्या” म्हणाले, पण स्पीकरच्या आवाजात ते माझ्यापाशीच राहिलं. तिने दोन ओळी म्हटल्या. आवाज कापत होता. व्हिडिओ संध्याकाळच्या आत साऱ्या गावात फिरला. तिचा दीर घरात तो पुन्हा पुन्हा लावायचा आणि नक्कल करायचा, असं तिच्या शेजारणीने मला सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्याही पुढच्या गुरुवारी नाही. नळावर ती सगळ्यांचं भरून झाल्यावर येऊ लागली.

मी ते रोज खिडकीतून बघत होते. मशीन चालवताना ती खिडकी समोर येते. एके दिवशी मी पाय थांबवला आणि ठरवलं. हिला परत आणायचं. गोड बोलून नाही, समजूत घालून नाही. तुमच्या पद्धतीने.

तुमच्या धाकट्या सुनेला बोलावलं. म्हटलं, गुरुवारी सगळ्यांचे मोबाइल टोपल्यात आणि स्पीकर आत. ती उसळली. “काऊन ताई? मी का वाईटासाठी टाकला तो व्हिडिओ? कौतुकानंच टाकला न!”

“माहीत आहे. म्हणून तर तुला सांगतेय.”

“आन स्पर्धेचं काय? ते बाई मधात बसली आन एक आवाज इकडचा तिकडं झाला, तं नंबर गेला समजा.”

“जाऊ दे नंबर. तू पहिल्या दिवशी कुणापाशी बसली होतीस?”

 मग तिला हसू फुटलं. “त्या भैरीपाशी! माय वं ताई, तुम्हाले सांगतो, मले तं सहा महिने खरंच वाटे ते भैरी हाय. भजनाच्या चालीवर मी सासूबाईच्या नावानं बोटं मोडत जाय. सकाळी पाचले उठवते म्हने, च्यात साखर घालत नाही म्हने!” आत्याबाई, हे तुमच्या कानावर आलं होतं का? आलंच असणार. मला आता आठवतं, त्या वर्षी मध्येच एकदा तुम्ही तिच्या चहात दोन चमचे साखर जास्त घालायला मला सांगितलं होतंत.

हसून झाल्यावर ती म्हणाली, “पन आता भैरी कोन हाय?” मी म्हटलं, “मी.” तिने लगेच विचारलं, “आन पेटी?” पेटीवालीला बहिरी होता येत नाही, हे लहान मुलालाही कळेल. “पेटी तू घे,” मी म्हटलं. तिला ती किती वर्षांपासून हवी होती, मला ठाऊक होतं.  दुसऱ्या दिवशी तिने आपणच सगळ्यांच्या फोनमधून तो व्हिडिओ काढायला लावला, आणि त्या दिराच्या घरी जाऊन उभी राहिली. काय बोलली ते मला सांगितलं नाही, पण तिची जीभ तुम्ही ओळखता.

मी मेथी घ्यायच्या निमित्ताने त्या पोरीकडे गेले. ती ओट्यावर जुड्या बांधत होती. मी बसले, मीही बांधायला लागले. चार-पाच जुड्या झाल्यावर म्हटलं, “गुरुवार को आना. मेरे बाजू में बैठना.” तिने मान हलवली, नाही अशी. मग मी कानाला हात लावला. “मेरे को सुनने को नहीं आता. तू कुछ भी गा, मेरे को कुछ समझता नहीं.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “आपको अभी मेरा बात सुनाई दिया?” मी मेथीची जुडी बांधत राहिले, उत्तर दिलं नाही. आत्याबाई, आयुष्यात इतकी कठीण गोष्ट मी केलेली नाही.

ती गुरुवारी आली. कुणी मान वळवली नाही. मी सगळ्यांना बजावलं होतं, आणि ज्या जुन्या होत्या त्यांना बजावायची गरजच पडली नाही. तांब्या फिरत आला. तुमच्या धाकट्या सुनेने, खरं सांगते, तेच भजन घेतलं, ज्याचं धृपद पुन्हा पुन्हा येतं. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले. ढोलकीवाली काकू आता म्हातारी झाली, तरी ती छपरी हलेल असं ओरडली, “ताईऽऽ, पानी पाह्यजे काऽऽ?” आणि मला इतकं हसू आलं की मी दातांनी ओठ धरला.

आता ती दर गुरुवारी येते. गाते. शब्द कुठल्या कुठे जातात, आणि मध्येच, सगळ्यांचा आवाज मोठा असतो तेव्हा, ती धृपदाच्या खाली आपल्या भाषेतलं काहीतरी म्हणते, तेवढ्याच एक-दोन ओळी. मी वळून बघत नाही. स्पर्धेला आम्ही जाणार आहोत, ती माझ्या शेजारी बसेल, आणि तिचा ब्लाउज माझ्या मशीनवर अर्धा शिवून झाला आहे. नंबराचं काय व्हायचं ते होईल. यावर मी आता कुणाशी वाद घालत नाही. बहिऱ्या बाईला वाद घालावा लागत नाही, हा एक फायदा आहे.

हे सगळं लिहून झालं आणि ते तुमच्यापर्यंत कसं पोचणार, हा विचार मी आधी केलाच नव्हता. कागद मशीनच्या खणात राहील, कात्रणांबरोबर. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय उठवत नाही. पेटीची मला फार आठवण येते. परवा भजन सुरू असताना माझं लक्ष खाली गेलं, तर माझ्या उजव्या हाताची बोटं पदराखाली मांडीवर चालत होती, सूर न सूर बरोबर. मी ती आवळून धरली. आणि तेव्हा दिसलं, की ती पोरगी माझ्या चेहऱ्याकडे नाही, त्या पदराकडे बघत होती. बोटं थांबली तशी तीही अडखळली. धृपद कधी येणार, हे ती इतके दिवस त्यावरून ओळखत होती. तिने मान वर केली, समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि एक शब्द बोलली नाही.

मी बोटं पुन्हा मोकळी सोडली.