राखलेला उतार

आण्णा, आज भोरहून परत आले ती तुमच्यावर चिडून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही उतरत नाही.

मोजणीचा साहेब हिर्डोशीला आपल्या डोंगरउतारावर आला, तो दिवस मला लख्ख आठवतो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायच्या राबाला सगळं गाव फांद्या तोडायचं. खालचा झरा आटेल म्हणून तुम्ही मात्र त्या उताराला कोयता लावू दिला नाहीत, नाचणीसुद्धा पेरली नाहीत. शेजारच्या काकांनी साहेब यायच्या आधीच स्वतःचा उतार बोडका करून ठेवला होता. आणि तुम्ही? साहेबाला एकेक हिरडा दाखवत फिरताय. "सायेब, ही समदी आमी राखल्याली. येक फांदी तुटू दिली न्हाई." साहेब मान डोलावतो, लिहून घेतो. तुम्ही त्याला घरी आणून चहा पाजता. मागाहून कळलं, झाडं असलेली खाजगी जमीन वन ठरवून सरकारजमा करायचा कायदा झाला होता. काकांची राहिली, आपली गेली. चुलीपुढून आई एवढंच म्हणाली, "तुमीच दावली न्हवं?" तुम्ही ताटावरून उठलात.

इंग्रजांचा जंगल कायदा लाकडासाठी होता, असं शाळेत शिकले. आपल्या सरकारचा म्हणे झाडं आणि पाणी राखायला. मग माझा बाप दुसरं काय करत होता? काकांच्या उतारावर आता पुण्याच्या लोकांचे बंगले आहेत, आणि झऱ्याचं पाणी त्यांनाही लागतं.

पुढे वनहक्काचा कायदा आला, कसणाऱ्याला त्याची जमीन परत देणारा. म्हणून आज कचेरीत गेले. कारकून म्हणतो, "ताई, पिढ्यान्‌पिढ्या कसत व्हता, त्याला पुरावा काय? हितं तर नुसती झाडंच हायेत." एका कायद्याने झाडं होती म्हणून जमीन घेतली, दुसरा झाडं तोडली नाहीत म्हणून देत नाही. डोकंच फिरलं माझं. त्याच्यावर ओरडले, पण खरं ओरडायचं होतं तुमच्यावर. इतकं भोळं कशाला असावं माणसाने?

हे पत्र कुठे पाठवणार? वहीतच राहील. पण तुम्हाला कळायला हवं, अर्ज मी भरून आलेय. वडील त्या जमिनीत काय करत, या रकान्यात लिहिलं, दरवर्षी झाडं तोडून नाचणी पेरत. खाली सही केली.