घोडीच्या मच्छरदाणीचं प्रकरण

प्रिय ठकूस,

ताईचा आशीर्वाद. तुम्ही सगळी खुशाल आहात असं मी धरून चालते, कारण काही बिनसलं असतं तर तू पत्र टाकलं असतंस. तुझ्या यजमानांच्या गुडघ्याला माझा नमस्कार (यजमानांना वेगळा सांगत नाही, तुझ्या पत्रांत गुडघाच जास्त असतो). मी ठणठणीत आहे.

यंदा आमच्या गल्लीत डासांनी उच्छाद मांडला होता. चांगली शहाणी माणसं स्वतःच्याच थोबाडीत मारत हिंडायची. मला मेले पाठीच्या बरोबर मधोमध चावायचे. तिथे एकट्या बाईचा हात पोचत नाही, म्हणून कापड मोजायची लाकडी पट्टी खाजवायला घेतली. पण जनावराला पट्टी कोण देणार? पाववाल्याची घोडी बघ. शेपूट मागे आणि डास डोळ्यांवर. पाय आपटून आपटून बिचारी टेकीला आली, आणि एका सकाळी माझ्या दारातच तिने अशी उसळी घेतली की गाडीभर पाव गटारात. आता हा तिला बडवणार म्हणून मी धावले, तर तो तिच्या मानेला कपाळ टेकून नुसता उभा. तिच्या डोळ्यांच्या सुजून फटी झाल्या होत्या. मी म्हणून गेले की हिला मच्छरदाणी शिवून देते.

म्हणून तर गेले, पण जन्मभर उशांचे अभ्रे शिवलेल्या बाईला घोडीचं तोंड काय कळणार? कानांना बाह्या लावल्या, नाकाशी चुण्या घातल्या. पहिली तिने खाल्ली. दुसरी उलटी बसली आणि घोडी थेट न्हाव्याच्या दुकानात शिरली (गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं). तिसरी बसली. दुसऱ्या दिवशी पाववाला मुद्दाम थांबला. म्हणाला, "ताई, काल ती निजली. मग मीपण निजलो."

मग काय, दारात रीघ लागली. दूधवाल्याची गाय आली, धोब्याचं गाढव आलं. समोरचे एकटे राहणारे मास्तर मांजर घेऊन आले. मांजराने ती जाळी बघता बघता फाडली, तरी मास्तर रोज दुरुस्तीला यायचे (काही चिरा अगदी सरळ असत, मांजराकडे कात्री असल्यासारख्या. मी आपली शिवून द्यायचे). चहाचं आधण उतरायचं नाही. मला मरायला सवड नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायचे.

आणि मग पालिकेची धुराची गाडी आली. गटारं उपसली, डास गेले, गल्ली सुखी झाली. घोडीचे डोळे आता इतके छान आहेत की ती दुडक्या चालीने माझ्या दारावरून निघून जाते. मास्तर खिडकीतून मान हलवतात, मी हलवते. दोघांकडेही फाटलेलं काही नाही. काल एक डास आला होता. मनगटावर बसला. मी बसू दिला.

तुझी,
ताई

ता.क. तुमच्या घरामागे तळं आहे, तेव्हा डास असणारच. गोठ्यातल्या जनावराचं माप हवं. पत्रातून मापं चुकतात, समक्ष घेऊन ये.

ता.क. दुसरा. तुमच्याकडे गोठा नाही, हे मला ठाऊक आहे. नुसती ये.