कोपरावरचं रफू

प्रिय विसरभोळ्या,

कोट रफूला टाकून आठवडा झाला आणि खालच्याच मजल्यावर राहून तू एकदाही वर फिरकला नाहीस. थंडी तरी वाजते का तुला? तू मलाही विसरला आहेस, पण त्याचा राग धरत नाही. जे अजून घडलंच नाही ते माणसाला आठवणार कुठून? हे पत्र माझी नात लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही, सुई येते. ती मधूनमधून थांबून माझ्याकडे बघते, आजीचं डोकं फिरलं की काय म्हणून. तिला म्हटलं, आधी लिही, काळजी नंतर कर.

परवा जिन्यात म्हणालास, सोमवारी जुन्या नाटकघराच्या तळघरातली वायरिंग काढायची आहे, मग इमारत पाडणार. त्या तळघरात मागच्या बाजूला एक बुटकं दार आहे. त्यातून बाहेर पडशील तो थेट माझ्या तरुणपणात. गल्लीत घोडागाड्या, संध्याकाळी शिडी घेऊन दिवे लावत फिरणारा माणूस, आणि रफूच्या दुकानात खिडकीशी मान मोडून बसलेल्या आम्ही बायका. दारातून निघताना तुझ्या कोटाचा खांदा उसवला होता. तो शिवायला घेतला तर कोपरावर नवंकोरं रफू दिसलं. मी डावखुरी, शेवटचा टाका उलटा घालते. त्यावरून मालकीणबाई मला येताजाता बोलायच्या. तो टाका माझा होता, आणि मी तो घातलेला नव्हता. पुढच्या काळातून आलोय असं तू नंतर सांगितलंस तेव्हा दुसरीने वेड्यात काढलं असतं. मी टाका बघितला होता, म्हणून लग्न केलं.

ते दार तुला पुन्हा सापडलं नाही. खरं सांगायचं तर तू फारसं शोधलंही नाहीस. दोन खोल्यांचा संसार आपला. अंधारात घरात शिरलास की तुझा हात दाराशेजारची भिंत चाचपायचा. काय शोधतोस म्हटलं तर म्हणायचास, इथे पुढे बटण येईल, दाबलं की उजेड. मी हसून हसून कंदील लावायची. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी वीज आली, आणि कामगाराने बटण नेमकं तिथेच बसवलं. बरेच दिवस मी त्याला हात लावला नाही, कंदिलावरच भागवलं.

गेल्यावर म्हणाले ना, ते आता सांगून टाकते. तिसऱ्या हिवाळ्यात तापाची साथ आली. तुझ्याजवळ डबीभर गोळ्या होत्या. आधी मला दिल्यास, मग शेजारच्या पोरांना, मग मालकीणबाईंना. तुझी पाळी आली तेव्हा डबी रिकामी. शेवटच्या दिवशीही तुझा कोट माझ्याच अंगावर होता. पुढे मी हिच्या आजोबांशी लग्न केलं. भला माणूस. सगळं माहीत असून दर उन्हाळ्यात तो कोट उन्हात टाकायचा, कसर लागू नये म्हणून. अखेर विरून विरून त्याच्या चिंध्या झाल्या.

मग दोन वर्षांपूर्वी, मीटर कुठे आहे विचारायला तू दारात उभा राहिलास. माझ्या हातातली सुई पडली. तू ती उचलून दिलीस आणि म्हणालास, जपून, आजी. नवऱ्याच्या तोंडून आजी ऐकायची वेळ बहुधा माझ्या एकटीवरच आली असेल. मी पाणी विचारलं आणि मीटरकडे बोट दाखवलं.

कोट मी मुद्दामच अडकवून ठेवला होता. रफूच केलं नाही तर तू जाणार नाहीस, असा माझा हिशेब. पण तुझा निर्णय सुईच्या टोकावर मी कोण घेणार? काल केलं रफू, शेवटचा टाका उलटाच पडला. आता खिशात हे पत्र घालून नात कोट खाली आणून देईल. तिथे तुला मरण आहे, हे न सांगता तुला जाऊ देववत नाही. जाऊ नकोस. इथेच राहा, लग्न कर, म्हातारा हो, टक्कल पडू दे. मला दुरून बघायला पुरेल.

एवढं सांगून झालं आणि आत्ता कुठे एक गोष्ट ध्यानात आली. त्या पहिल्या दिवशी मी आदल्या रात्रीपासून उपाशी होते, आणि तू काही न विचारता माझ्यापुढे दोन संत्री ठेवलीस. कोणी सांगितलं म्हटलं, तर म्हणालास, एका आजीने पाठवलीत. मला थाप वाटली. म्हणजे ती आजी मीच, आणि हे पत्र तू वाचून आला होतास. पुढचं सगळं माहीत असून आलास, आणि तीन हिवाळे मला कळू दिलं नाहीस. नात लिहायची थांबली आहे. सर्दी झाली म्हणते.

उत्तर लिहू नकोस, मला वाचता येत नाही. जाणार नसलास तर मऊ पाव पाठव, माझे दात गेलेत. मी समजेन, आणि सुखाने खाईन. जाणार असलास तर गोळ्या भरपूर घे आणि थोड्या स्वतःसाठी लपवून ठेव. ऐकणारा नाहीस, तरी सांगते. मग मला इथे काही पाठवू नकोस. दोन संत्री पाठव, त्या दाराने. पातळ सालीची बघून घे, खिडकीशी बसलेल्या त्या पोरीची बोटं सुईने टोचून सोलवटलेली असतात.

तुझीच,
वरच्या मजल्यावरची