लग्नाला म्हणून निघायचो, ती बस

माय, तुझ्यासारखीच गाठ मला निघाली. ऑपरेशन झालं, आता सोमवारपासून केमो सुरू होणार. तुझं सगळं मी शेवटपर्यंत जवळून पाहिलंय.

वाटूरहून तुला औरंगाबादच्या दवाखान्यात न्यायचं असलं की बाबा गल्लीत सांगायचे, लग्नाला चाललो. कॅन्सरचं नाव निघालं तर पोरींच्या सोयरिकी अडतील, ही त्यांची धास्ती. म्हणून तू जरीकाठी लुगडं नेसून, गजरा माळून बसमध्ये बसायचीस. एकदा शेजारच्या काकूंनी खरोखरच आहेर आणून दिला, "ह्यो ब्लाउजपीस नवरीला आमच्याकडून द्या." तो मांडीवर धरून तू दवाखान्याच्या बाकावर बसली आहेस, पदराआड हसते आहेस. "आता नवरी कुठून आणू गं?" मीही हसते. हसता हसता तुझे डोळे भरून येतात आणि मी पटकन भिंतीकडे बघते. तुला भीती वाटते का, हे मी कधी विचारलं नाही. आपल्या घरात असलं कुणी विचारतच नसे.

आता मस्तगडच्या, माझ्या सासरच्या घरात मीही तेच चालवलं होतं. खरं फक्त नवऱ्याला ठाऊक. सासूबाईंना आणि बारावीतल्या लेकीला सांगितलं, साधी गाठ होती, काढून टाकली. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी माझ्या मोबाइलवर एक कार्यक्रम सुरू करून दिलाय. कॅन्सर झालेल्या माणसानं आपलं मन आपणच कसं सांभाळावं, याचे छोटे छोटे धडे त्यात आहेत. शिवाय आठवड्यातून एकदा माझ्यासारख्या बायका व्हिडिओवर एकत्र येतात. मी शाळेत शिकवते, त्यामुळे दार लावून मोबाइलपुढे बसले तरी घरात कुणाला नवल वाटत नाही. शिक्षकांची ऑनलाइन ट्रेनिंगं संपतात कुठे? सासूबाई बाहेरून म्हणतात, "किती शिकवून राह्यले बाई तुम्हाला!" मी कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकायचे. कुणाचे केस गेलेले, कुणाला अन्नाचा वास सहन होईना. सांगितलेला श्वासाचा व्यायाम नेमानं करायचे, तेवढा वेळ छाती मोकळी व्हायची आणि मग पुन्हा सोमवार आठवायचा.

काल बाईंनी सगळ्यांना विचारलं, "मला भीती वाटते, असं घरात कुणाजवळ म्हणता का?" एक बाई हुंदके देऊ लागली. तेवढ्यात दाराबाहेरून लेकीचा आवाज आला, "मम्मी, ट्रेनिंगमधी कोण रडून राह्यलं?"

मी दार उघडलं, तिला आत ओढलं आणि कडी लावली. "मला कॅन्सर आहे," मी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून घरात पहिल्यांदाच निघाला.

"मला वाटलं, तू अन् पप्पा वेगळे होऊन राह्यले," ती म्हणाली. "दार लावून बोलत असता दोघं. मी तर मामाला फोन करणार होते." आणि मग एकदम, "मम्मी, तू मरशील का?"

"माहीत न्हाई गं. डॉक्टर म्हणतात, लवकर सापडलं. पण मला लई भ्या वाटून राह्यलं."

तिनं माझा हात घट्ट धरला. तिचा हात माझ्याहून गार होता. आम्ही दोघी रडलो. माझा माइक चालूच राहिला होता, मोबाइलवरच्या बायकांनी सगळं ऐकलं.

नंतर बाईंनी माझं कौतुक केलं, लेकीला विश्वासात घेतलंत म्हणून. नवऱ्यालाही मी तसंच ऐकवलं, पोरीला खरं कळायलाच हवं होतं. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तुला सांगते. तिचा विचार मी केलाच नव्हता, माय. त्या खोलीत मला एकटीला बसवत नव्हतं.