बाहेरून कडी

११ सप्टें., लातूर
दिवाळी अंकाची कथा अडली. समोरच्या मुलींच्या वसतिगृहाचे राखणदार माणिकमामा डोळ्यासमोर ठेवून पात्र उभं करतोय. त्र्याण्णवच्या भूकंपात मुलगी गेली, एवढंच ठाऊक. नुसतं दुःखी पात्र म्हणजे क्लासच्या फलकावरचा टॉपर. फोटो झकास, माणूस गायब.

१४ सप्टें.
सापडलं! क्लासवाल्यांचा हुकूम: अभ्यासाच्या वेळी खोल्यांना बाहेरून कडी. (डॉक्टर असे पिकवतात इथं, आढीत घालून.) मामा कड्या लावतात, रेक्टरची पाठ वळली की एकेक काढत जातात. का हो मामा? "सवय हाय, सर."
सवयीला कारण पाहिजे.

१५ सप्टें.
दिलं कारण. विसर्जनाला निघताना, पोरगी मागं लागू नये म्हणून त्यानं बाहेरून कडी घातली. तो परतायच्या आत, पहाटे भूकंप. एका वाक्यात माणूस उभा! सौ.: "त्यांना विचारलंत?" म्हटलं, कथा आहे, पंचनामा नाही.

१९ सप्टें.
कथा वाचून नांदेडहून संपादकाचा फोन. "कडीनं मारलं राव!" दिवसभर तरंगत.

२२ सप्टें.
मामांना वाचून दाखवली. थाटात. नाव बदललंय, म्हटलं. कडीपाशी आलो तर त्यांनी बिडी विझवली. "तुमाला कुणी सांगितलं?"
कुणीच नाही. मी रचलेलं खरं निघालं.
मामांची बायको, शांताबाई, भूकंपाच्या वेळी बाळंतपणाला माहेरी. "तिला म्या सांगितलंय, कडी आतून होती, धक्क्यानं दार अडकलं. आतून लिवा, सर. येवढा एकच शबुद."
शांताबाई त्याच वसतिगृहात स्वयंपाकाला. निरक्षर. पण पोरी त्यांना काहीबाही वाचून दाखवतात.

२४ सप्टें.
संपादकाला विचारलं. "आतून केलं तर उरतं काय? नुसता भूकंप!" खरंय. लाज वाटावी इतकं खरं. फार ताणलं नाही मीही. उद्या चारला कथेचा फॉर्म छपाईच्या मशीनवर, बदल त्याआधी कळवायचा.

२५ सप्टें.
तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. 'आतून' लिहून पाहिलं. वाक्य मेलं. खोडलं.
मामा कामावर नाहीत. समोर कड्या तशाच, काढायला कुणी नाही.
अडीचला शांताबाई दारात, हाताला पीठ. "हे सकाळधरनं कुटं गेलेत कळंना. दोन दिस जेवले न्हाईत. सरांची गोष्ट, सरांची गोष्ट, येवढंच करून राहिले होते. काय लिवलंय, वाचून दावा."
कागद टेबलावरच. खुर्ची न घेता खाली बसल्या.
म्हटलं, चष्मा सापडत नाहीये.
"डोळ्यावरच हाय की, सर."