विकतची पाल

२ ऑगस्ट
काचेची पेटी आली. आत लेपर्ड गेको. बायको म्हणाली, भिंतीवरच्या फुकटच्या पाली झाडूने हाकलतोस आणि ही विकत आणलीस? नाव ठेवलं ‘सरकार’. बायकोची अट: महिनाअखेर वजन घटलं तर दुकानात परत. मान्य. मी सगळे व्हिडिओ पाहिलेत.

४ ऑगस्ट
सरकार जेवत नाहीत. रातकिडा नाकावरून चालत गेला, ढिम्म. थर्मामीटर बत्तीस, म्हणजे माझी चूक नाही. मग कोणाची? सासूबाई मुक्कामाला आल्या त्याच आठवड्यात हे व्हावं? नुसती नोंद करून ठेवतो.

५ ऑगस्ट
पेटीतला उबेचा बल्ब चालू ठेवून झोपलो. सकाळी बंद! घरातलंच कोणीतरी. सासूबाईंना आडून विचारलं. म्हणाल्या, जावईबापू, डोळ्यांवर दिवा ठेवला तर तुम्हाला झोप येईल का? सरळ उत्तर नाहीच.

८ ऑगस्ट
किती उरलेत बघायला रातकिड्यांचा डबा उघडला. आता ते सोफ्यात राहतात. झाकणच सदोष होतं, असं बायकोला सांगितलं. सरकारांची शेपटी अगदी काडी झालीय. गेले तर?

११ ऑगस्ट
सरकार पांढरेफटक! कोणीतरी अदलाबदल केली. बायको म्हणते, कात टाकतायत. मग कात कुठाय? म्हणे स्वतःच खातात. वा, पुरावाच गिळला.

१५ ऑगस्ट
वजन वाढलं! माझ्यासमोर एक घास नाही, तरी शेपटी गुबगुबीत. मानी प्राणी, एकांतात जेवत असणार. माझ्या शिस्तीचा परिणाम.
दुसरं म्हणजे, सासूबाई लंगडतायत. गुडघे शेकायचं पॅड असून वापरत नाहीत. मी दिसलो की जास्तच लंगडतात. काहीतरी शिजतंय.

१८ ऑगस्ट
सापळा रचला. ऑफिसला म्हणून निघालो, जिन्यात बूट काढले, पावलं न वाजवता परत. सासूबाई पेटीपाशी. हातात चिमटा, चिमट्यात रातकिडा. खा रे बाळा, म्हणत होत्या. सरकार आ वासून उभे. पेटीखाली सासूबाईंचं पॅड, सगळ्यात मंद आचेवर.
म्हणाल्या, थर्मामीटर तुम्ही वर बल्बला खेटून लावलंत. हा बिचारा राहतो खाली, तिथे सगळं गारठलेलं. गारठ्यात भूक कसली लागतेय? आणि माझे गुडघे काय, दुखतातच.
बूट हातातच होते. लाज वाटली.

३१ ऑगस्ट
वजन भरपूर. अट मी पूर्ण केली. आज चिमटा मी धरला, सासूबाईंनी माझं मनगट. सरकारांनी घास घेतला आणि बघितलं त्यांच्याकडे. बायको म्हणाली, पाल राहू दे, पण आई गेल्यावर कोणाच्या भरवशावर? लगेच आईचं जाणं पुढे ढकललं. मला कोणी विचारलं नाही.
सासूबाईंसाठी नवीन पॅड आणलं, स्वतः प्लग लावून दिला. त्यांनी आधी हात ठेवून पाहिला, खरंच गरम होतंय का ते.