उलटं धरलेलं पुस्तक

रविवार, ३ मार्च
हादसच्या मेंदीला मी स्तोत्र वाचायचं म्हणे — सगळ्यांसमोर! लग्न ठरल्यापासून नात काहीही मागते. "आजी, तुझ्याच तोंडून हवं." मी म्हटलं, चष्मा बदलायचाय. खोटं. मला छापील अक्षर उलटंच वाचता येतं. येमेनमध्ये बाबा पोरांना शिकवायचे, गावात पुस्तक एकच. पोरं भोवती बसायची. ज्याला जी बाजू मिळेल, तिकडून वाचायला शिकायचा. मुलींना कोण शिकवतंय? मी बाबांच्या समोर मसूर निवडत बसायचे आणि अक्षरं चोरायचे. उलटीच मिळाली. लिहायला इस्राएलला आल्यावर लष्करातल्या एका मुलीने शिकवलं, ते सरळ; आमची हाताने लिहायची अक्षरं छापील अक्षरांहून वेगळीच. म्हणून ही वही जमते. प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये मात्र पुस्तक शालीआड धरते. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही.

मंगळवार, ५ मार्च
रश्श्यात मेथी जास्त पडली. डोकं ठिकाणावर नाही.

गुरुवार, ७ मार्च
सांगून टाकलं. हादस खापरांवरची जुनी अक्षरं अभ्यासते, तिच्यापासून काय लपवायचं! हसली नाही. कागदावर बैलाचं डोकं काढलं.
"हे आपल्या हिब्रूचं पहिलं अक्षर, आलेफ, अगदी सुरुवातीचं. शिंगं वर. मग कुणी आडवं काढलं, कुणी उलटं. कुणी कुणाला रागावत नव्हतं."
"काढलं कुणी?"
"सिनायच्या वाळवंटातल्या खाणमजुरांनी, असं बरेच जण म्हणतात. इजिप्तच्या राजाची चित्रलिपी त्यांना येत नव्हती."
म्हणजे माझ्यासारखेच! फार बरं वाटलं. मेम म्हणजे पाण्याच्या लाटा. आयिन म्हणजे डोळा. मला वाटायचं, देवाने अक्षरं अशी चौकोनीच धाडली. तर ही चौकोनी बाबिलोनकडची. आपली माणसं तिथल्या बंदिवासातून परतताना घेऊन आली, जुनी मागे पडली. आम्ही इथे विमानातून उतरलो तेव्हा मलाही असाच कुणाचा तरी कोट दिला होता, बाह्या गुडघ्यापर्यंत. दोन हिवाळ्यांत माझाच झाला.
"मग वाचशील?"
"व्याही काय म्हणतील?"
"म्हणतील, आजी उलटी, पण नात सरळ."
चावट.

शुक्रवार, ८ मार्च
पाठ करून टाकावं का? हादस म्हणते, नाही. वाचच.

बुधवार, १३ मार्च
काल मेंदी झाली. मी पुस्तक उलटं उघडलं. विहीणबाई हळूच उठल्या, सरळ करून द्यायला. म्हटलं, "राहू द्या, माझी बाजू हीच." एकदा अडले, पण शेवटपर्यंत वाचलं. शेजारची रोमिया, आमच्याच गावची, जिला माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, तीही मान पुढे काढून माझं पुस्तक बघत होती. हादसने मिठी मारली, मेंदीचे पंजे शालीवर उठले. धुणार नाही.

शनिवार, १६ मार्च, शब्बाथ सुटल्यावर (त्या दिवशी लिहायचं नसतं)
सकाळी सिनेगॉगमध्ये रोमिया मुद्दाम माझ्याशेजारी येऊन बसली. पुस्तक उघडलं. उलटं. ओळीवर बोट ठेवून वाचू लागली.
"सरक जरा," म्हणाली, "उजेड अडतोय."